दिवाळीच्या साफसफाईतले गैरसमज

माळ्यावरचे डबे खाली आले, पंखे पुसायला काढले, की चिंच, लिंबू, सोडा, ॲसिड हे सगळं बादलीशेजारी मांडलं जातं. घराचं खरं नुकसान बहुतेकदा इथूनच सुरू होतं.

सगळ्यात महाग पडणारी समजूत म्हणजे आंबटाने कुठलाही डाग निघतो. कडप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड. त्यांच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की चुना विरघळतो आणि चकाकी उडून पांढुरका, खरखरीत डाग उमटतो. कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर तो लांबूनही दिसतो. तिथे दगडच झिजलेला असल्यामुळे कितीही घासलं तरी डाग हटत नाही, पॉलिश करून घ्यावं लागतं. जुन्या मोझॅक फरशीत संगमरवराचेच तुकडे असतात, तेव्हा तिच्यावरही ॲसिड ओतू नका. ओटा कशाचा आहे हे माहीत नसेल, तर गॅसमागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा तेवढी जागा निस्तेज झाली, तर आंबट त्या ओट्यापासून लांब ठेवा.

अशा दगडाला 5 लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक चहाचा चमचा पुरतो. तेलकट थरावर या पाण्यात भिजवलेलं फडकं 10 मिनिटं पसरून ठेवा, मग मऊ घासणीने काढा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. जास्त साबण घातला तर त्याचा चिकट थर मागे राहतो आणि आठवड्यात त्यावर पुन्हा धूळ बसते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की भरपूर फेस येतो, पण त्या फेसात दोघं एकमेकांना मारतात; मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरा. जळकट भांड्यावर सोड्याची दाट पेस्ट लावा. नळावरच्या क्षारांच्या पांढऱ्या थराला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं 15 मिनिटं गुंडाळून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा आणि नळ धुऊन कोरडा करा.

आता जिवावर बेतणारी चूक. संडासात आधी ॲसिडचं क्लीनर आणि "जरा जोर यावा" म्हणून वर ब्लीच ओततात. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि छोट्या बंद बाथरूममध्ये त्याने छाती भरून येते. एका दिवशी एकच वापरा. चुकून मिसळलंच, तर आणखी काही न ओतता लगेच बाहेर पडा. दम लागत असेल तर डॉक्टर गाठा. ब्लीच गरम पाण्यातही घालू नका, त्याची ताकद जाते. आणि आधी मळ धुवा, मग ब्लीच. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच खर्ची पडतं.

कामाचा क्रमही चुकतो. आधी फरशी पुसून मग जळमटं काढली तर फरशी दुसऱ्यांदा पुसावी लागते. वरून खाली या, आणि आधी कोरडं, मग ओलं. धुळीवर थेट ओलं फडकं फिरवलं की चिखल होऊन कोपऱ्यात बसतो. पंख्याचं बटण बंद करा, जुना अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवा आणि दाबून ओढा. धूळ गादीवर न पडता अभ्र्यात जमा होते.

पावसाळ्यात भिंतीवर धरलेली बुरशी कोरड्या कुंच्याने झाडली की तिचे कण घरभर पसरतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा आणि खिडक्या उघड्या ठेवून भिंत पूर्ण वाळू द्या. गळती न काढता वर रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात त्याचे पोपडे सुटतात.

चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याच्या सोड्यात भिजवू नका, काळी पडते. गरम पाणी आणि लिक्विड पुरे. पितळेला चिंच चोळल्यावर दोन-तीन मिनिटांत धुवा, जास्त वेळ ठेवली तर जस्त निघून लालसर डाग पडतात. धुतल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसा. आणि आतून कल्हई असलेल्या पातेल्याला चिंच आणि तारेची घासणी फक्त बाहेरून.