ऑडिओ फाइल्ससाठी सॉफ्टवेअर निवडताना

आधी काम काय ते ठरवा. नुसती काटछाट आणि आवाज वर-खाली करायचा असेल, तर फुकटातलं ऑडॅसिटी पुरेसं आहे. चार-पाच ट्रॅक जुळवून मिक्सिंग करायचं असेल, तर रीपर बघा. 60 दिवस वापरून मग पैसे भरायचे की नाही ते ठरवता येतं. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच.

निवडण्यापूर्वी स्वतःचीच एखादी फाइल उघडून, कापून, 24 बिट वेव्हमध्ये (आवाज न दाबता, पूर्ण दर्जात साठवणारा फाइल प्रकार) एक्सपोर्ट करून पाहा. मूळ फाइलला हात न लावता एडिटिंग होतं का, हे माझ्या मते शेकडो इफेक्ट्सपेक्षा महत्त्वाचं. आणि हो, एमपीथ्री पुन्हापुन्हा एमपीथ्रीतच सेव्ह करू नका, दर खेपेला आवाजाचा दर्जा घसरतो. व्हिडिओसाठी प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) 48 किलोहर्ट्झवर ठेवा.