कम्प्लायन्सवर संशोधन करायचंय? सिस्टिमच्या बाहेरही बघा

इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये, म्हणजे संस्थांमधल्या संगणक यंत्रणांच्या अभ्यासात, पीएचडीला येणारी मुलंमुली मला हमखास विचारतात, "कम्प्लायन्समध्ये (नियमपालनात) संशोधन करण्यासारखं काय आहे? नियम आहे, तो पाळायचा." मी ठाण्यात राहते. नवी मुंबईत महापेला बरीच वर्षं आयटी ऑडिटमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या संगणक यंत्रणा तपासायचं, काम केलं आणि नोकरी सांभाळून याच विषयात पीएचडी केली. कंपनी नियम पाळते का, एवढंच विचारत राहिलात तर फारसं हाती लागत नाही. नियम पाळल्याचा पुरावा कोण तयार करतं, कशातून करतं आणि तो तयार करताना मूळ काम कसं बदलतं, हे शोधायला लागलात की विषय उलगडतो.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग सक्तीचा झाला. नोंद कधी बदलली, काय बदललं, हे त्यात राहिलं पाहिजे आणि तो लॉग कुणालाही बंद करता येता कामा नये. हा नियम २०२१ मध्येच लागू व्हायचा होता, पण दोनदा पुढे गेला. वरवर पाहता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली की विषय संपला. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात बसल्यावर मात्र मला वेगळं दिसलं. पूर्वी व्हाउचर लगेच टाकायचे आणि भाव किंवा वाहतूक खर्च नक्की झाला की दुरुस्त करायचे. आता प्रत्येक दुरुस्ती लॉगमध्ये येते आणि ऑडिटर तिच्याबद्दल विचारतो. म्हणून काही ठिकाणी नोंद आधी एक्सेलमध्ये थांबते आणि सगळं पक्कं झालं की महिनाअखेरीस एकदम सिस्टिममध्ये चढते. लॉग अगदी स्वच्छ दिसतो, पण मधल्या काळात काय काय बदललं त्याची नोंद कुठेच राहत नाही.

यात कुणी लबाडी केलेली नाही. त्या अकाउंटंट ताईंना "तुम्ही नियम पाळता का?" असं प्रश्नावलीत विचारलं तर त्या "हो" म्हणतील, आणि ते खरंच असेल. नुसता लॉग तपासलात तरी उत्तर तेच येईल. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून महिनाअखेर बघितली तरच नियमाने कामाला कुठे ढकललं ते कळतं. आपल्या शाखेतलं सगळ्यात मोलाचं काम इथे आहे, असं मला मनापासून वाटतं.

वाचनाची सुरुवात कुठून करायची? या शाखेला मोठा जोर मिळाला तो अमेरिकेतल्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर. एन्रॉन या कंपनीच्या हिशेब घोटाळ्यानंतर आणि पडझडीनंतर आलेल्या या कायद्याच्या कलम ४०४ नुसार वित्तीय अहवालामागची अंतर्गत नियंत्रणं व्यवस्थापनाला तपासावी लागतात. ती नियंत्रणं मोठ्या प्रमाणावर ईआरपीत (कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसलेली, त्यामुळे आयटी विभाग आपोआप ऑडिटच्या कक्षेत आला. पुढे संशोधनाच्या वाटा फुटल्या. एक वाट कर्मचाऱ्याकडे बघते: शिक्षेच्या भीतीने माणूस नियम पाळतो का? साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारीच्या संदर्भात मांडलं होतं की नियम मोडणारा माणूस स्वतःला पटेल असं समर्थन आधी तयार ठेवतो. सिपोनेन आणि व्हॅन्स या संशोधकांनी २०१० मध्ये तेच माहिती सुरक्षेत तपासलं आणि शिक्षेच्या भीतीपेक्षा या समर्थनांचा प्रभाव ठळक दिसला. "डिस्पॅच अडकला असता", "सगळेच करतात", "साहेबांनीच पासवर्ड दिलाय" ही वाक्यं ऑडिटमध्ये मी इतकी ऐकली आहेत की तो लेख वाचताना मला माणसं डोळ्यांसमोर दिसत होती.

दुसरी वाट संस्थेकडे बघते. मेयर आणि रोवन यांचा १९७७ चा लेख पहिल्याच वर्षी वाचा. बाहेरच्यांना दाखवायची रचना आणि आतलं प्रत्यक्ष काम यांत संस्था अंतर कसं ठेवतात, ते त्यात मांडलं आहे. वरचं एक्सेलचं उदाहरण त्याच चौकटीत धरून बघा. संस्था एकमेकींसारख्या का होत जातात, यावरचा डिमॅजिओ आणि पॉवेल यांचा १९८३ चा लेख त्याच्या जोडीला. तिसरी वाट इव्हेंट लॉगवर (कोणतं काम कधी झालं, याच्या सिस्टिममधल्या आपोआप नोंदींवर) चालते, तिला प्रोसेस मायनिंग म्हणतात. नेमून दिलेली प्रक्रिया आणि लॉगमध्ये घडलेली प्रक्रिया यांची तुलना करायची. कोडिंग येत असेल तर ही वाट आकर्षक वाटेल, आणि ती चांगलीही आहे. पण जे काम सिस्टिममध्ये उमटतच नाही, ते तिला दिसत नाही. म्हणून तिच्यासोबत निरीक्षण हवंच.

एवढं वाचून झालं की थेट कायद्याकडे वळा. सर्क्युलरचा मूळ मजकूर वाचा, सल्लागारांच्या सारांशावर थांबू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचं बघा. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे. वाचायला साधं आहे. आता नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या एखाद्या डेटा सेंटरमधली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. मध्यरात्रीनंतर अलर्ट येतो. पाळीवरचा इंजिनिअर तिकीट (सिस्टिममधली तक्रारीची नोंद) उघडतो आणि गंभीरता "मध्यम" टाकतो. सकाळी वरिष्ठ ते तिकीट "गंभीर" करतात. सहा तास कधीपासून मोजायचे? तिकीट कसं वर्गीकृत होतं, कुणाला आपोआप मेल जातो, रात्री कुणाला फोन करायची परवानगी आहे, या सगळ्यावर संस्थेला घटना "कधी कळली" ते ठरतं. म्हणजे कायद्याचं घड्याळ तिकीट सिस्टिमच्या मांडणीत दडलेलं आहे. असा एक प्रश्न नीट धरला तरी प्रबंधाची दोन प्रकरणं उभी राहतात.

क्षेत्र शोधायला लांब जावं लागत नाही, हे आपलं भाग्य. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून निघालात की ऐरोली, रबाळे, घणसोली, तुर्भे या पट्ट्यात आयटी पार्क, डेटा सेंटर, रसायन कारखाने, औषध कंपन्या शेजारी शेजारी भेटतात. प्रत्येकाचा नियामक वेगळा. रसायनवाल्यांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रं सांभाळायची असतात. अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्यांना तिथल्या एफडीए या औषध नियामकाचे १९९७ पासूनचे इलेक्ट्रॉनिक नोंदींचे नियम लागतात. पेमेंट कंपन्यांना रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या सर्क्युलरनुसार व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवावा लागतो. एकाच रस्त्यावर तुलनात्मक अभ्यास होऊ शकतो.

प्रवेश मिळवणं मात्र खरंच अवघड. मोठ्या कंपनीला मेलवर प्रश्नावली पाठवलीत तर ती लीगलकडे जाते आणि तिथेच राहते. ओळखीच्या सीए फर्ममधून, आयएसओ मानकांचं प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या सल्लागारांमधून, जुन्या सहकाऱ्यांमधून जा. वेळ सांभाळा. जीएसटीची विवरणपत्रं भरायची ११ आणि २० तारीख, मार्चअखेर, सप्टेंबरअखेर, सर्व्हेलन्स ऑडिटचा (प्रमाणपत्र टिकवण्यासाठीच्या ठरावीक तपासणीचा) आठवडा, या दिवसांत मुलाखत मागू नका. २० तारखेनंतरचे चार-पाच दिवस माणसं मोकळेपणाने बोलतात. "तुम्ही नियम मोडता का?" असं विचारायचंच नाही. "शेवटचा ऑडिट पॉइंट बंद केलात तेव्हा काय काय गोळा केलं, ते दाखवाल का?" असं विचारा. (ऑडिट पॉइंट म्हणजे ऑडिटरने काढलेली त्रुटी.) मग स्क्रीनशॉट, मेल, सह्यांचे फोल्डर उघडतात आणि ताई किंवा सर स्वतःच सगळी गोष्ट सांगतात.

आणि एक जबाबदारी, जी मार्गदर्शक फार वेळा घाईत उरकतात. तुम्ही लिहिलेल्या एका ओळीने कुणाची नोकरी जाऊ शकते. "रबाळ्यातली मध्यम आकाराची रंगद्रव्य कंपनी" एवढं लिहिलं तरी त्या पट्ट्यातल्या लोकांना नाव कळतं. ठिकाण, उत्पादन, पद, तिन्ही बदला. आडवाट कुणी शोधली यापेक्षा ती का लागली, हे लिहा. कंपनीला मसुदा दाखवायचं कबूल केलं असेल, तर मुलाखत देणाऱ्या माणसाला तो आधी दाखवा.

नोकरी करत पीएचडी करणाऱ्यांसाठी थोडं: यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी करता येते, त्यासाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं, साधारण सहा वर्षांची मर्यादा. ना-हरकत पत्र घेतानाच कार्यालयातला डेटा वापरायचा की नाही, हे लेखी ठरवून घ्या. पुढे नोकरीत सीआयएसएसारखं आयटी ऑडिटचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं, प्रबंधाला त्याची गरज नाही.

विषय सापडत नसेल तर एक आत्ता समोर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या माहितीला लागतो. कागदावरची माहिती पुढे डिजिटल केली तरच त्यात येते. मग क्लासेस, दवाखाने, गृहनिर्माण सोसायट्या पुन्हा वहीकडे वळतील का? आणि वळल्या तर त्या वहीवर लक्ष कोण ठेवणार? याचं उत्तर द्यायला कायदा लागू होण्याआधीचं चित्र हवं, आणि ते नंतर कुणाला विचारून मिळत नाही. घोडबंदर रोडवरच्या चार-पाच सोसायट्या आणि दोन दवाखाने निवडा, कमिटीची आणि डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या, आणि गेटवर व रिसेप्शनवर काय विचारतात, कुठे लिहितात, किती दिवस ठेवतात, हे आत्तापासून टिपायला लागा.