धुऊन वापरायचा एअर फिल्टर घ्यावा का?

गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात तीन-चारशे रुपयांच्या कागदी एअर फिल्टरशेजारी पाच-सहा हजारांचा लाल कापडी फिल्टर मांडलेला असतो, आणि तो एकदा बसवला की पुन्हा फिल्टरवर खर्च नाही, शिवाय ॲव्हरेजही वाढते, असे सांगितले जाते. तो धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतो हे खरे आहे. ॲव्हरेजची गोष्ट मात्र आजच्या गाड्यांना लागू होत नाही. इंजिनात धूळ किती जाते, हा मुख्य प्रश्न तर दुकानात सहसा निघतच नाही.

एक लिटर पेट्रोल जळण्यासाठी सुमारे 11 किलो, म्हणजे साधारण 9,000 लिटर हवा लागते. सोलापूर किंवा अहिल्यानगरकडच्या मुरमाच्या रस्त्यांवरून, खडी क्रशरच्या जवळून किंवा शहरातल्या बांधकामांशेजारून रोज जाणारी गाडी या हवेबरोबर वाळूचे बारीक कण ओढून घेत असते. हे कण सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलच्या थरात मिसळले की पॉलिश पेपरसारखे काम करतात, आणि टर्बो असलेल्या गाडीत तर त्यांचा पहिला मार टर्बोच्या पात्यांवर बसतो.

कागदी फिल्टर बारीक छिद्रांनी धूळ अडवतो, आणि त्यावर धुळीचा पातळ थर बसल्यावर तो नव्यापेक्षाही चांगला गाळतो. कापडी फिल्टरमध्ये सुती कापडाचे थर तारेच्या जाळीत बसवून त्यांना खास तेल लावलेले असते. छिद्रे तुलनेने मोठी असतात आणि धूळ पकडण्याचे काम मुख्यतः तेलावर सोपवलेले असते. ही कल्पना नवी नाही. जुन्या ट्रॅक्टरांच्या ऑइल बाथमध्येही, म्हणजे हवा तेलाच्या वाटीतून गाळणाऱ्या फिल्टरमध्येही, धूळ तेलच धरते, आणि त्या वाटीतले तेल वेळेवर न बदलणाऱ्याच्या इंजिनाचे काय होते, हे गावोगावच्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातील के अँड एनसारख्या कंपन्यांचे कापडी फिल्टर शर्यतीच्या गाड्यांमध्ये लोकप्रिय झाले, पण तिथे इंजिन वारंवार उघडून दुरुस्त केले जाते. दोन लाख किलोमीटर न उघडता चालावी अशी अपेक्षा असलेल्या घरच्या गाडीची गरज नेमकी उलटी आहे.

समजा, कागदी फिल्टर 99 टक्के आणि कापडी 97 टक्के धूळ अडवतो. फरक दोनच टक्क्यांचा वाटतो, परंतु आत जाणारी धूळ तिप्पट झालेली असते. म्हणून खोक्यावर आयएसओ 5011 या चाचणीनुसार धूळ अडवण्याचा आकडा दिला आहे का, ते पाहावे. हवा किती जास्त जाते एवढेच ठळक छापले असेल, तर तो फिल्टर परत ठेवून द्यावा.

ॲव्हरेजविषयी फार अंदाज बांधण्याची गरज नाही. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे आजच्या पद्धतीच्या, गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवूनही इंधनाच्या खपात लक्षणीय फरक आढळला नाही. फक्त पिकअप कमी झाला. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, आत आलेल्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, आणि रोजच्या चालवण्यात थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा) अर्धवटच उघडा असल्यामुळे पेट्रोल गाडीत हवेला मोठा अडथळा त्याचाच असतो. चोंदलेल्या फिल्टरने खप वाढत नसेल, तर स्वच्छ कागदी फिल्टर काढून कापडी लावल्याने तो कमी होणार कसा? हवा ओढण्याचा आवाज मात्र जरा भारदस्त होतो, आणि पुष्कळांना गाडी जास्त पळते असे वाटते ते त्यामुळेच, असा माझा संशय आहे.

आता पैशांचे पाहू. 400 रुपयांचा कागदी फिल्टर धुळीमुळे दर 20,000 किलोमीटरला बदलला, तरी लाखभर किलोमीटरला 2,000 रुपये लागतात. कापडी फिल्टर 5,500 आणि धुण्या-तेलाचे किट 1,500 धरले, तर बरोबरी व्हायला साडेतीन लाख किलोमीटर जावे लागतील. ज्या गाडीचा कागदी फिल्टरच दोन-तीन हजारांचा आहे आणि जिचे रनिंगही भरपूर आहे, किंवा जुन्या गाडीचा मूळ फिल्टर बाजारात मिळत नाही, तिथेच हा खर्च पटण्यासारखा आहे. वॉरंटीतील गाडी असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्यावे.

घ्यायचाच ठरला, तर धुण्याचे काम स्वतः आणि सावकाश करावे. आधी पृष्ठभागावरचा कचरा हलकेच झटकून किटमधील क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारावा, दहाएक मिनिटे थांबावे आणि क्लीनर वाळण्याआधी नळाच्या मंद धारेने स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे पाणी सोडावे, म्हणजे अडकलेली धूळ आल्या वाटेने बाहेर पडते. रॉकेल, पेट्रोल किंवा प्रेशर वॉशर वापरू नये. फिल्टर सावलीत वाळवावा. हेअर ड्रायरने किंवा कंप्रेसरने घाई करू नये. कोकणात जुलैमध्ये तो वाळायला दिवसही पुरणार नाही, म्हणून तेवढ्यापुरता बसवायला एक कागदी फिल्टर जवळ ठेवावा. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीवर तेलाची बारीक रेघ ओढावी, वीस मिनिटांनी पाहावे आणि जिथे कापड फिकट दिसेल तिथेच पुन्हा थोडे लावावे. तेल जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर त्याचा थर बसून चेक इंजिनचा दिवा लागू शकतो; कमी झाले, तर धूळ सरळ आत जाते. बसवल्यानंतर हजारभर किलोमीटरनी फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये पांढरे फडके फिरवावे. त्यावर कचकच लागली, तर रबरी किनार नीट बसली आहे का आणि डब्याच्या क्लिपा लागल्या आहेत का, ते तपासावे. दोन्ही ठीक असूनही धूळ येत असेल, तर तो फिल्टर काढून टाकावा.

बाकी सर्वांनी चांगल्या कंपनीचा कागदी फिल्टरच घ्यावा आणि दर सर्व्हिसिंगला त्याला कंप्रेसरची जोरदार हवा मारू देऊ नये. त्याने कागद फाटतो आणि ते छिद्र डोळ्यांना दिसतही नाही. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी फिल्टर बदलण्याचे वेगळे, कमी अंतर दिलेले असते, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांसाठी तेच धरावे.