बोटीवरील सिलिंडरची गॅसगळती कशी शोधावी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील अनेक मराठी घरांत आज नळाचा गॅस आहे. तो मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळला तर वर जातो आणि उघड्या खिडकीतून निघून जातो. सिलिंडरमधील प्रोपेन व ब्यूटेन मात्र हवेच्या सुमारे दीडपट ते दुप्पट जड असतात. घरात हा गॅस निदान दाराच्या फटीतून बाहेर पडू शकतो, पण बोटीत तो फळ्यांखाली, जिथे पाणी साचते त्या पोकळीत उतरून तिथेच राहतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले तरी एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून हाउसबोट भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाने किंवा मासेमारी बोटीवर रांधणाऱ्यांनी गळतीचा शोध खालून सुरू करावा.

बोटीवर चढल्यावर दिवे, पंखा किंवा इंजिन सुरू करण्यापूर्वी तळाची फळी उचलून वास घ्यावा. गॅसला मुळात वास नसतो. तो कळावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळलेले असते. शेगडीजवळ वास आला नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. डिझेल आणि मासळीच्या वासात तो झाकलाही जातो.

यानंतर दाबाची चाचणी करावी. यासाठी सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये दाबमापक बसवलेला असावा लागतो. शेगडीच्या सर्व चाव्या बंद ठेवून सिलिंडरची झडप उघडावी, काटा स्थिरावला की झडप पुन्हा बंद करावी आणि किमान ३ मिनिटे, शक्य असल्यास त्याहून जास्त वेळ, काट्यावर लक्ष ठेवावे. काटा खाली आला तर कुठेतरी गळती आहे. यात झडप बंद करणे हाच चाचणीचा गाभा आहे, कारण ती उघडी राहिल्यास सिलिंडरमधील द्रवरूप गॅसची वाफ होत राहते, दाब भरून निघतो आणि गळती असूनही काटा हलत नाही.

काटा उतरला तर नेमकी जागा साबणाच्या पाण्याने शोधावी. झडप पुन्हा उघडून रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके, प्रत्येक सांधा आणि शेगडीच्या चाव्या यांवर ब्रशने फेस लावावा. जिथे बुडबुडे वाढतात तिथे गळती असते. अमोनिया असलेले द्रव वापरू नये, कारण त्याने पितळेला चिरा पडतात. काडी पेटवून तर कधीच पाहू नये.

वास आला तर झडप बंद करावी, आगीचे सारे स्रोत विझवावेत, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि सर्वांना मोकळ्या हवेत आणावे. तळातील गॅस विजेच्या पंपाने उपसू नये. हातपंपाने किंवा बादलीने, पाण्यासारखाच, उपसून बाहेर ओतता येतो. किनाऱ्यावर असल्यास १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

गॅसचा अलार्म बसवायचा असेल तर त्याचा संवेदक तळाजवळ, पण पाणी पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर असावा. सिलिंडर बदलल्यावर आणि सांधा दुरुस्त केल्यावर दाबाची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी.