थोरलीला शाळेत ठेवायचंय? मग आधी धाकट्याची सोय लावा

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्याकडे ऊसतोडीच्या मुकादमाने (मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने) उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटली की त्या घरातली लेकरं दिवाळीनंतर शाळेत दिसणार नाहीत, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. मला ते मान्य नाही. नव्याने रुजू झालेले शिक्षक आणि गावात काही करू पाहणारी तरुण मुलं यांच्यासाठी हे लिहितेय.

ट्रक भरायच्या आठवड्यात धावपळ करून हाती काही लागत नाही. पोळा झाला की वही काढा. यादी विद्यार्थ्यांची नको, घरांची करा. घरातून कोण जाणार, मागे कोण राहणार, कुठला कारखाना, मुकादमाचा फोन नंबर आणि सगळ्यात महत्त्वाचं, सहा वर्षांखालचं लेकरू आहे का. हा शेवटचा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत आणि सगळं तिथेच अडतं.

का, ते उसाच्या फडावर गेल्याशिवाय कळत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दोघं अंधारातच फडात जातात, कारण खाडा झाला की उचल फिटत नाही. मागे कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, दीड वर्षाचं बाळ आणि त्याला कडेवर घेतलेली पाचवीतली बहीण. ती पाणी भरते, भाकरी थापते, बाळाने फारच आकांत केला की त्याला आईकडे पाजायला फडात नेते. शाळा अगदी समोर असली तरी ही पोरगी शाळेत जाणार कशी? तिच्या आईला शिक्षणाचं महत्त्व सांगत बसू नका. तिला ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. बाळ कोण बघणार, एवढंच तिला विचारा.

उत्तर बहुधा आजीपाशी येऊन थांबतं आणि आजी एकच असते. ती गावात राहिली तर थोरली मुलं हंगामी वसतिगृहावर (आईबाप तोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलांची सोय करणाऱ्या केंद्रावर) जेवतील, शाळा करतील आणि रात्री तिच्याजवळ झोपतील. ती सोबत गेली तर बाळ सांभाळेल आणि थोरलीला तिकडच्या शाळेत जाता येईल. घरोघरी बसून हे ठरवावं लागतं. आई अंगावर पाजत असेल तर बाळ मागे ठेवायचा प्रश्नच नाही. तेव्हा दोन-तीन कोयत्यांनी मिळून टोळीतली एक म्हातारी बाई कोपीवर ठेवावी आणि तिचा खर्च वाटून घ्यावा. हे निघायच्या आधी मुकादमाच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. तिकडे पोचल्यावर कुणी ऐकत नाही.

अंगणवाडीवर पूर्ण भिस्त ठेवू नका. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे बसता येतं, गरम जेवणही मिळतं, पण दुपारपर्यंतच. तीनच्या आतल्या लेकराला मिळतो तो घरी न्यायचा आहार. तो हक्काचा आहे, घ्याच, पण त्याने बाळ सांभाळलं जात नाही. गाव सोडण्याआधी सेविकाताईंना अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतराची नोंद करायला सांगा आणि लसीकरणाचं कार्ड आईच्या पिशवीत आहे ना, ते बघा.

त्याच दिवशी बाळाचा दंडही मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांचा मध्य काढायचा, हात सैल सोडायचा आणि दंड मोजायची पट्टी तिथे न आवळता गुंडाळायची. ११.५ सेंटीमीटरच्या खाली आलं तर ते तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ मधलं लेकरूही काळजीचंच. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे, पट्टी काहीही सांगो. अशा लेकराला ट्रकमध्ये चढू देऊ नका, आधी आरोग्य केंद्रात न्या. इथे मी कुणाची भीड धरत नाही.

तिकडच्या शाळेत प्रवेश मिळवणं त्यामानाने सोपं, कायदा आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला मिळायला उशीर झाला, जन्माचा पुरावा नाही किंवा वर्षाच्या मध्येच मूल आलं, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. त्यातल्या कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. मूल वयानुसार वर्गात बसवायचं असतं, खाली ढकलायचं नसतं. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत दाखवायला आपल्या शाळेने द्यायचं कार्ड) भरून द्या आणि तिकडच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. कागदापेक्षा फोनने लवकर काम होतं. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर आधी ठिकाण विचारा. बेळगावच्या सीमाभागात मराठी शाळा आहेत, बागलकोटकडे कन्नड. तिकडे जाणाऱ्या थोरल्या मुलांना शक्यतो गावातच ठेवा.

हीच वही पालघरला किंवा मेळघाटात वापरायची तर थोडी बदलावी लागेल. पालघरकडची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथेच असतात. तिथे मुलं नुसती बाळ सांभाळत नाहीत, ओल्या विटा उलटायलाही लागतात. असं दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. मेळघाटातले कोरकू दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि होळीला परततात. त्यांची थोरली मुलं बऱ्याचदा आश्रमशाळेत असतात, आईबापांबरोबर फिरतं ते धाकटं. तिथे दंडाची पट्टी आधी, शाळेचं नंतर.

रेशनचंही बघा. कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर धान्य कारखान्याच्या गावातही उचलता येतं आणि हिश्श्याने घेता येतं, काही तिकडे, काही गावात आजीसाठी. अनेक घरांना हे माहीतच नसतं.

पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, सुमाराला मुकादमाला पुन्हा फोन करा. तिकडच्या शाळेतून हजेरीचा कागद आणायला सांगा, म्हणजे इकडे पोरीला वरच्या वर्गात बसवताना कुणी खळखळ करणार नाही. टोळी गावात उतरली की दोन-चार दिवसांत त्याच बाळांचे दंड पुन्हा मोजा आणि वहीत जुन्या आकड्याशेजारी लिहा. ज्यांचा आकडा घसरलाय, त्यांची नावं सेविकाताईंना त्याच दिवशी द्या.