लूपचा सिंटॅक्स तपासणारा प्रोग्राम: लिहायला बसण्याआधीची तयारी

लूपची रचना (सिंटॅक्स) बरोबर आहे का, एवढंच सांगणारा प्रोग्राम लेक्स आणि यॅक या दोन साधनांनी लिहायचा आहे. लेक्स मजकुराचे टोकन, म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं, पाडून देतो; यॅक नियमांवरून त्यांची रचना तपासणारा भाग, म्हणजे पार्सर, तयार करतो. सगळ्यात आधी हद्द ठरवून घ्या. सी भाषेतले फॉर, व्हाइल आणि डू-व्हाइल हे तीनच लूप. त्यांच्या आत असाइनमेंट, प्लस-प्लस, तुलना आणि पुन्हा लूप, एवढं पुष्कळ झालं. इफ-एल्स आत घेतलंत की कुठला एल्स कुठल्या इफचा हा प्रश्न येतो आणि यॅक शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट दाखवतो, म्हणजे पुढचं टोकन घ्यायचं (शिफ्ट) की आधीचा नियम पूर्ण करायचा (रिड्यूस) हे ठरत नाही. यॅक आपणहून शिफ्ट निवडतो, आणि ते योग्यच असतं, पण एक्सटर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, विचारलं तर कारण सांगता आलं पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या सहाव्या सेमिस्टरला कंपायलरच्या प्रॅक्टिकलची तयारी करत असाल, तर पहिल्या खेपेला इफ बाहेरच ठेवा.

मग ग्रामर, म्हणजे कुठली रचना चालते त्याचे नियम, कागदावर उतरवा. या कामाला लॅपटॉप लागत नाही, कल्याण लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही होतं. फॉरच्या कंसात तीन जागा आणि दोन सेमीकोलन. तिन्ही जागा रिकाम्या चालतात, सेमीकोलन मात्र दोनच हवेत; म्हणून फॉर (;;) बरोबर. व्हाइलचं तसं नाही, तिथे रिकामा कंस चूक. डू-व्हाइलमध्ये शेवटच्या कंसानंतर सेमीकोलन हवाच. लूपची बॉडी म्हणजे एक स्टेटमेंट, महिरपी कंसातला गट किंवा नुसता सेमीकोलन. त्यामुळे फॉरच्या ओळीच्या शेवटी चुकून पडलेला सेमीकोलन तुमच्या प्रोग्रामने स्वीकारलाच पाहिजे, कारण ते रिकामं स्टेटमेंट आहे. फॉरच्या पहिल्या जागेतच व्हेरिएबल घोषित करणं १९९९ च्या सी मानकापासून चालतं. ते घ्यायचं असेल तर वेगळा नियम लिहा, कारण घोषणा स्वतःचा सेमीकोलन बरोबर घेऊन येते.

हे सगळं एका लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर जुळवायच्या साच्यात) बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. लूपच्या आत लूप, त्याच्या आत आणखी एक, आणि कंसात कंस किती खोल जातील याला मर्यादा नाही. उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला का हे रेग्युलर एक्स्प्रेशनला कितीही खोलीपर्यंत मोजता येत नाही. ग्रामरमध्ये मात्र स्टेटमेंटच्या नियमात लूप आणि लूपच्या नियमात स्टेटमेंट लिहिलं की काम झालं. माझ्या मते या प्रोग्राममधून शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती पाठ करण्यापेक्षा कागदावर तीन पातळ्यांचा लूप सोडवून बघा.

टोकनच्या यादीत कीवर्डचे (भाषेच्या राखीव शब्दांचे) नियम आयडेंटिफायरच्या (व्हेरिएबल वगैरेंच्या नावांच्या) नियमाच्या वर ठेवा. लेक्स आधी सर्वांत लांब जुळणी घेतो, लांबी सारखी असेल तर वरचा नियम. म्हणून ‘फॉरमॅट’ नावाचं व्हेरिएबल कीवर्ड ठरत नाही, पण नियम खाली-वर झाले तर ‘फॉर’ मात्र आयडेंटिफायर होऊन बसतो. अवतरणातली स्ट्रिंग अख्खी एक टोकन करा, नाहीतर तिच्यातला कंस पार्सरला खरा वाटेल. कॉमेंट आणि मोकळी जागा गाळून टाका. ओळीचा क्रमांक मोजायची सोय फ्लेक्समध्येच (लेक्सच्या आजच्या पर्यायात) आहे, ती सुरू करा.

तपासणीची फाईल प्रोग्रामच्या आधी तयार हवी. चुकीचे लूप कुणीही लिहितं. बरोबर असून चुकीचे दिसणारे लूप मुद्दाम जमवा: रिकामा फॉर, महिरपी कंसाविना एकात एक तीन लूप, फॉरच्या पहिल्या जागेत स्वल्पविरामाने जोडलेल्या दोन असाइनमेंट. डू-व्हाइलचा सेमीकोलन गाळलेली एक केसही ठेवा. तिथे चूक बहुतेक वेळा पुढच्या ओळीवर दाखवली जाते, कारण पार्सरला पुढचं टोकन हातात आल्यावरच काहीतरी कमी असल्याचं कळतं. याला प्रोग्रामचा दोष समजून दुरुस्त करत बसू नका. शंका आली तर तोच लूप एका पूर्ण फंक्शनमध्ये घालून जीसीसी या सी कंपायलरला द्या. मात्र घोषित न केलेल्या व्हेरिएबलवर जीसीसी एरर देईल आणि तुमचा प्रोग्राम देणार नाही. तो अर्थाचा भाग झाला, सिंटॅक्सचा नाही. लूप कधीच संपत नसेल, तरी त्याची रचना बरोबर असेल तर उत्तर ‘बरोबर’ असंच यायला हवं.

राहिलं मशीन. लेक्स आणि यॅक १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये तयार झाले. आज उबुंटूवर बहुधा त्यांच्या जागी फ्लेक्स आणि बायसन मिळतात. बायसन टोकनची नावं असलेल्या हेडर फाईलला तुमच्या ग्रामर फाईलचं नाव देतो, यॅक स्वतःचं ठरलेलं नाव देतो. लेक्सरमध्ये (तुमच्या लेक्सच्या फाईलमध्ये) हेडरचं जुनंच नाव राहिलं तर कंपाइल होत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी लॅबच्या ज्या पीसीवर बसणार, तिथेच एकदा सगळ्या तयार झालेल्या फाईली पुसून नव्याने कंपाइल करा आणि जर्नलमध्ये त्याच वेळचं आउटपुट लावा.