मांडववाला, केटरर, साउंडवाला: पुण्यात इव्हेंट करताना माणसं कशी जोडावीत

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यात मुहूर्तांची झुंबड उडते. डीपी रोडच्या लॉन्सपासून वाघोलीपर्यंत सगळं बुक, आणि चांगल्या मांडववाल्याकडे एकाच तारखेला चार जण रांगेत. त्यातलं कोणाचं काम तो धरेल, हे आधीच्या कामात तुम्ही पैसा आणि वेळ कसा पाळलात यावर ठरतं.

नवीन माणूस घेताना नुसत्या फोटोंवर जाऊ नका, गोदाम बघून या. कापड ओलं घडी करून ठेवलंय का, केबलचे जोड उघडे आहेत का, हे तिथेच कळतं. पहिलं काम डोहाळजेवण, वाढदिवस असं छोटं द्या.

कोटेशनमध्ये माल, मजुरी, टेम्पो आणि जीएसटी वेगळे लिहून घ्या. बजेट कमी असेल तर काम कमी करा, दर पिळू नका. पिळलेला दर मजुरीतून वसूल होतो: आठाच्या जागी पाच पोरं येतात आणि पाहुणे आले तरी स्टेजवर खिळे ठोकणं चालू असतं.

त्यानंतर प्रत्येकाला एका पानाचा कामाचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवा. ‘मोठं स्टेज’ असं लिहू नका, ‘24 बाय 16 फूट, उंची 3 फूट’ असं लिहा. गेट कधी उघडणार, गाडी कुठे लावायची, जनरेटरचं डिझेल कोणाचं, हेही त्यातच. सकाळचं लग्न उरकून त्याच लॉनवर संध्याकाळी रिसेप्शन असेल तर जेमतेम तीन तास हातात असतात. तेव्हा क्रम असा लावा: आधी ट्रस (लाइट टांगायचा धातूचा सांगाडा), मग लाइट आणि साउंड, मग कार्पेट, फुलं सगळ्यात शेवटी. फुलवाला आधी आला तर शिडीच्या धक्क्याने माळा तुटतात आणि लाइटखाली फुलं कोमेजतात. साउंडला लाइटपेक्षा वेगळी फेज द्या, नाहीतर लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरमुळे स्पीकरमधून घरघर येते.

सगळ्यात जास्त भांडणं ताटांवरून होतात. यजमान माणसं मोजतात, केटरर ताटं मोजतो. बुफेत कुणी दुसऱ्यांदा वाढून घेताना नवीन ताट उचललं की हिशेब फिरला. म्हणून आधीच ठरवा: 500 ताटांची हमी, वरची 50 त्याच दराने, पक्का आकडा चार दिवस आधी. जेवण सुरू होण्यापूर्वी ताटं दोघांसमोर मोजा, शेवटी उरलेली मोजून चिठ्ठीवर सह्या घ्या. फोटोग्राफर, बँडवाले, मांडवाची पोरं यांची ताटंही आकड्यात धरा. दिवसभर राबलेल्या माणसाला उपाशी पाठवणं वाईटच, आणि ते कोणी विसरत नाही.

पैशांचे टप्पे असे ठेवता येतात: तारीख धरताना 30 टक्के, माल उतरला की 50, उरलेले आठवड्याच्या आत. यजमानाकडून आले की देतो, हे उत्तर व्हेंडरला देऊ नका. त्याने पोरांची मजुरी त्याच रात्री चुकवलेली असते. त्यासाठी यजमानाचा मोठा हप्ता कार्यक्रमाच्या आधीच घ्या. व्हेंडर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल तर कायद्याने लेखी करार नसल्यास 15 दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. टीडीएस (बिलातूनच कापून भरायचा आयकर) कापणार असाल तर आधीच सांगा. शेवटच्या बिलात अचानक कापलेली रक्कम फसवणुकीसारखी वाटते.

उघड्या लॉनवर रात्री 10 ला स्पीकर बंद करायचा असतो. पोलीस आले तर जप्त होतो तो साउंडवाल्याचा मिक्सर. म्हणून पावणेदहाला नवरदेवाच्या मित्रांना सांगायला तुम्ही स्वतः जा, ऑपरेटरला पुढे करू नका. काही चुकलंच तर यजमानांसमोर कोणाला बोलू नका, स्टेजमागे नेऊन बोला.

पुढच्या सीझनचे दर आषाढातच ठरवा. तेव्हा केटरर आणि फोटोग्राफर निवांत बोलतात. मांडववाल्याला मात्र त्याआधीच गाठा, कारण गणपतीच्या मांडवांची तयारी सुरू झाली की तो फोनही उचलत नाही.